मधमाशीच्या पोटाचा प्रश्न

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसदर, वनहक्क आणि सहकाराची सद्यःस्थिती या विषयांच्या पंक्तीला 'मधमाशीपालन' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही. हा विषय शेतकी प्रदर्शनाचा किंवा फार तर महिला मंडळाचा, असा आपला समज आहे. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथात मधमाशीची तुलना वास्तुशिल्पकाराशी केली, ती मनुष्याच्या श्रमाचे वेगळेपण सांगण्यासाठी; आणि आपल्या शाळांच्या भिंतींवर ती उद्योगीपणाचे प्रतीक म्हणून टांगलेली असते. मला आज या दोन्ही मधमाश्यांविषयी बोलावयाचे नाही. भुदरगड, राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतील लहान शेतकऱ्याच्या पडवीत जी पेटी आहे, त्या पेटीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत काय घडते, एवढाच माझा विषय आहे.

या तालुक्यांत हिंडताना मला पेट्या दिसतात, पण त्यांतल्या पुष्कळ रिकाम्या असतात. एका पडवीत पेटीच्या वरच्या खणात कोंबडी अंड्यांवर बसलेली पाहिली. दुसरीकडे तीत बियाण्याचा लसूण ठेवला होता. 'माश्या कुठे गेल्या?' असे विचारले की उत्तर ठरलेले, 'पावसाळ्यात गेल्या.' जणू माश्यांचे जाणे हे पावसाच्या येण्याइतकेच स्वाभाविक आहे! आणि गंमत अशी की, एका अर्थाने ते खरेही आहे.

आपल्या जिल्ह्यात मधमाशीच्या मुख्य चार जाती. कड्यांवर आणि उंच झाडांवर एकच प्रचंड पोळे बांधणारी आग्या माशी, झुडपात बोटभर पोळे लावणारी फुलोरी, भिंतीच्या फटीत राहणारी व नांगी नसलेली इवलीशी पोया, आणि झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी लावणारी सातेरी. यांपैकी आपल्या मातीतली आणि पेटीत राहू शकणारी ती सातेरी. तिला अंधारी, बंदिस्त जागा लागते, म्हणून ती पेटीत रमते. रमते म्हणजे, पोट भरते आहे तोवर रमते.

मधमाशीपालनाचे आधुनिक शास्त्र थंड देशांत वाढले. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ साली हलत्या चौकटींची पेटी सिद्ध केली आणि तेथून हा व्यवसाय फोफावला. त्या देशांतील माशीचा शत्रू हिवाळा. सहा-सहा महिने फूल नाही, बाहेर बर्फ. तेथे घर सोडून निघालेली वसाहत वाटेतच मरते. म्हणून तेथील माशी भरमसाट मध साठविण्यास शिकली. घट्ट गोळा करून बसायचे, अंडी घालणे थांबवायचे आणि साठ्यावर थंडी काढायची, हा तिचा धर्म. आपल्याकडील उपासमारीचा काळ थंडीचा नाही, पावसाचा आहे. हवा उबदार असते, त्यामुळे वसाहतीचे जगणे थांबत नाही. पिलांना चारा हवा असतो, पण संततधारेत माशीला उडता येत नाही. उडाली तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो. अशा वेळी उष्ण कटिबंधातील माशीने हजारो वर्षांत वेगळाच मार्ग काढला आहे. ती स्थलांतर करते. आग्या माशी तर पावसाच्या तोंडावर पोळे सोडून उघड उघड निघून जाते व फुलोरा सुरू झाला की परतते. सातेरी तितकी फिरस्ती नाही. परंतु अन्न आटले की राणी अंडी घालणे बंद करते, शेवटची पिले बाहेर पडेपर्यंत वसाहत थांबते, उरलासुरला मध पोटात भरून घेते आणि एके दिवशी पाऊस उघडला असता सगळी घरे मोकळी टाकून चालू लागते. पेटी उघडणाऱ्याला दिसतात ती स्वच्छ, रिकामी पोळी. पुढे त्यांत मेणकिडा शिरतो आणि जाळी विणतो. मग लोक म्हणतात, किड्याने वसाहत नेली. किडा बहुधा मागाहून आलेला असतो.

ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास बीड-उस्मानाबादकडून, म्हणजे आजच्या धाराशिवकडून, आपल्या शिवारात जी माणसे येतात, त्यांना आपण 'पळून आलेले' म्हणत नाही. गावात पोट भरेना म्हणून ती निघाली, हे आपल्याला समजते. माशीच्या बाबतीत मात्र आपण तिच्या स्वभावाला दोष देतो. सरकारी पुस्तिकांतही 'सातेरी पळपुटी आहे' अशा आशयाची वाक्ये असतात. मी म्हणतो, पळपुटी नव्हे, उपाशी म्हणा. म्हणजे उपाय सुचतील.

पहिला उपाय सर्वांना ठाऊक आहे, साखरेचा पाक. साखर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून, पेटीच्या आत वाटीत ठेवायचा. माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकायच्या. द्यायचा तो संध्याकाळी, आणि सर्व पेट्यांना एकाच वेळी. दिवसा दिला, किंवा थेंब बाहेर सांडला, तर शेजारच्या बळकट वसाहती दुबळ्या वसाहतीवर लुटीसाठी तुटून पडतात. (भुकेच्या काळात कमी अन्न उघड्यावर टाकले की काय होते, हे आपण दुष्काळी केंद्रांवर पाहिलेच आहे.) आठवड्याला एका वसाहतीस दोनशे ग्रॅम साखर धरली, तर दहा वसाहतींना चार महिन्यांत पस्तीस किलोच्या आसपास साखर लागते. आकडा फार मोठा नाही. पण ज्याच्या घरी जूनमध्ये चहाची साखरही उधारीवर येते, त्याने माश्यांसाठी पस्तीस किलो कोठून आणावी?

येथे कोणी म्हणेल, कोल्हापुरात गूळ काय कमी आहे? जगात नाव असलेला, २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आमचा गूळ. द्या थोडा माश्यांना! तर नाही. गुळातील क्षार व इतर घटक माशीला पचत नाहीत, तिला हगवण लागते. शिवाय गुळाचे पाणी लवकर आंबते. गुऱ्हाळाशी तिचा जो संबंध येतो तो निराळा. हंगामात काहिलीभोवती घोंघावणाऱ्या माश्या उकळत्या रसात पडतात, आणि गुळव्या झाऱ्याने मळीबरोबर त्यांनाही काढून टाकतो. गुळव्याचा दोष नाही. आजूबाजूच्या पाच-सहा कोसांत उसाखेरीज काही उरलेले नसेल, तर माशी दुसरीकडे जाईल कोठे?

उसाविषयी या शहरात जपून बोलावे लागते, तरी बोलतो. ऊस हे मधमाशीच्या दृष्टीने हिरवे वाळवंट आहे. त्याला तुरा येतो, पण तो वाऱ्यावर परागकण सोडणारा; त्यात मकरंद नाही, आणि चांगला शेतकरी तुरा येण्यापूर्वीच ऊस तोडतो. पंचगंगेच्या, दूधगंगेच्या आणि वेदगंगेच्या काठाने ऊस जसजसा वर सरकला, तसतशी डोंगराच्या पायथ्याची नाचणी, वरी, तीळ आणि कारळा ही पिके मागे हटली. यांतील कारळ्याचे जाणे मला विशेष लागते. डोंगरउतारावर नाचणी-वरीच्या पाळीत येणारे हे गरिबाचे तेलबी. त्याची पिवळी फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पावसाळ्यातून खंगून बाहेर पडणाऱ्या वसाहतीला अन्नाची सर्वांत मोठी निकड असते नेमक्या त्याच वेळी, फुलतात. आणि कारळा असे पीक आहे की, स्वतःच्या परागाने त्याचे बी धरत नाही, माशी लागते. दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही. कारळा गेला तेव्हा कोणी ठराव केला नाही, मोर्चा काढला नाही. त्याच्याबरोबर किती वसाहती गेल्या, याची नोंद कोठल्या दप्तरात असेल असे मला वाटत नाही.

साखरेच्या पाकाबाबत आणखी एक सांगितले पाहिजे. पाक म्हणजे नुसती ऊर्जा; प्रौढ माशी त्यावर तगेल, पण पिलांना पराग लागतो, तो त्यांचा डाळ-दूध आहे. पराग नसेल तर कितीही पाक ओता, वसाहत वाढत नाही. म्हणून पाक हा तात्पुरता आधार आहे, फुलोऱ्याला पर्याय नाही. फुलोरा सुरू होण्यापूर्वी पाक बंदही केला पाहिजे, नाही तर तोच मधात उतरतो, आणि मग आपण आणि भेसळ करणारा व्यापारी यांत फरक राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सर्वांत उत्तम खाद्य कोणते? माशीचा स्वतःचा मध. एप्रिल-मेमध्ये आपल्या घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी, करंज यांचा फुलोरा असतो. तो मध मेअखेर पेटीत भरलेला असतो. त्यातला पुरेसा मध खाली तसाच राहू दिला, तर बहुतेक वसाहती पावसाळा काढतात. पाक लागलाच तर थोडका. हे मधपाळाला ठाऊक नाही असे समजू नका. त्याला ते प्रशिक्षणात सांगितलेले आहे, आणि त्याच्या आजोबाला ते प्रशिक्षणावाचून ठाऊक होते. तरीही तो मेच्या शेवटच्या आठवड्यात खालच्या खणातील चौकटीसुद्धा मधयंत्रात फिरवितो. का?

कारण जून आलेला असतो. भाताचे बियाणे, खत, घराची शाकारणी, मुलांच्या वह्या-पुस्तके, आणि मागच्या वर्षीच्या सोसायटीचे येणे, हे सगळे त्याच पंधरवड्यात दारात उभे असते. डोंगरी शेतकऱ्याच्या हातात त्या वेळी रोख पैसा देणारी वस्तू एकच, मध. माशीच्या तोंडचा घास काढल्याशिवाय त्याच्या मुलाच्या तोंडी घास जात नाही, आणि पुढच्या वर्षी माशी नसल्यामुळे दोन्ही घास जातात. याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. मी याला पतपुरवठ्याचा प्रश्न म्हणतो. त्याला जूनमध्ये चार-पाच हजार रुपये मिळण्याची दुसरी सोय असती, तर त्याने त्या चौकटींना हात लावला नसता.

ऊसवाल्याला आपण काय देतो? उचल देतो. पहिली उचल किती, यावरून आपण रस्ते अडविले, कारखान्यांची धुराडी बंद ठेवली. उचल या शब्दाचा अर्थ कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. मग डोंगरातल्या मधपाळाला त्याच्या पुढच्या हंगामाच्या मधावर मेमध्ये उचल का मिळू नये? पेटीत मध शिल्लक ठेवला आहे हे गावातल्या मधपाळ संघाने पाहावे, त्या हमीवर सहकारी संस्थेने रक्कम द्यावी, आणि पुढच्या वसंतातील मधातून ती वळती करून घ्यावी. यावर एक आक्षेप येतो व तो रास्त आहे. पेटीत ठेवलेला मध तर माश्याच खाणार. आणि उचल घेतल्यावरही वसाहत निघून गेली तर पैसे बुडाले! होय, काही बुडतील. परंतु २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ऊस बुडाला तेव्हा त्याचे पंचनामे झाले, हे आपण पाहिले. पेटीतून निघून गेलेल्या वसाहतीचा पंचनामा करण्यास तलाठी आल्याचे मी तरी ऐकलेले नाही. जोखीम सर्वांनी मिळून उचलावी, हाच तर सहकाराचा मूळ अर्थ होता.

शासन काहीच करीत नाही, असे मी म्हणणार नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हापासून मधमाशी ग्रामोद्योगांच्या यादीत आहे. महाबळेश्वरला मध संचालनालय १९४६ पासून आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली निघाली, आणि सातेरीवर तेथे मोलाचे काम झाले. अलीकडे 'मधाचे गाव' ही योजना आली. महाबळेश्वरजवळचे मांघर मे २०२२ मध्ये तसे पहिले गाव जाहीर झाले, आणि त्यानंतर आपल्या भुदरगड तालुक्यातील पाटगाव. मौनी महाराजांच्या मठाचे, रांगण्याच्या वाटेवरचे, वेदगंगेच्या उगमाकडचे हे गाव मधासाठी ओळखले जावे याचा मला आनंदच आहे. तेथे राने अजून शाबूत आहेत, म्हणून मध आहे. योजनेने रान निर्माण केलेले नाही, हे मात्र विसरू नये. माझी तक्रार योजनांच्या हिशेबाविषयी आहे. अहवालात किती पेट्या वाटल्या हे येते. एक वर्षानंतर, पावसाळा संपल्यावर, किती पेट्यांत वसाहत जिवंत होती, हा रकाना मला कोठे आढळलेला नाही. लाकडी पेटी म्हणजे मधमाशीपालन नव्हे, जसा रिकामा गोठा म्हणजे दूधधंदा नव्हे.

मग काही हुशार मंडळी सुचवितात की, ही दरिद्री सातेरी सोडा आणि युरोपी मेलीफेरा आणा. सातेरी एका जागी वर्षाला चार-पाच किलो मध देईल, मेलीफेरा पंचवीस-तीस देईल. १९६२ साली हिमाचलातील नगरोटा बगवाँ येथे ती रुजली आणि पंजाब-हरियाणात तिने खरोखरच पैसा दिला, हे मान्य. पण तेथे मैलोगणती मोहरी आहे, आणि ट्रकवर पेट्या लादून फुलोऱ्यामागे राजस्थानपर्यंत जाणारे भांडवल आहे. आपल्या घाटातल्या चार महिन्यांच्या धारेत ती माशी सातेरीहून अधिक खाते आणि कमी तग धरते. ट्रक असणाऱ्याची माशी आणि पडवी असणाऱ्याची माशी यांत फरक आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. सातेरीवरही संकटे आली आहेत. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणुरोगाने केरळात तिच्या बहुतेक वसाहती नष्ट केल्या आणि तो दक्षिणेत सर्वत्र पसरला. तरी ती सावरली. तगलेल्या वसाहतींपासून पुन्हा वाढली.

स्थलांतराचा विचार मात्र आपल्यालाही करता येईल, आणि त्यासाठी राजस्थानला जाण्याचे कारण नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील शिरोळला पाचशेच्या आसपास. अंतर शंभर किलोमीटरच्या आत. डोंगरात माशी कोंडून पडलेली असते तेव्हा पूर्वेकडे मका, मूग-उडीद, काकडी-दोडक्याचे वेल फुललेले असतात, आणि त्या वेलांना फळधारणेसाठी माशी हवीच असते. जूनमध्ये डोंगरातल्या पेट्या पूर्वेकडे जाव्यात, ऑक्टोबरमध्ये परत याव्यात; वाहतुकीचा खर्च भाजीवाल्या शेतकऱ्यांनी व त्यांच्या संस्थांनी सोसावा, कारण फळ त्यांच्या वेलाला धरते. एक अट मात्र हवी, फुलोऱ्यात दिवसा औषध फवारायचे नाही. ही अट पाळली जाईल काय, याबद्दल मी साशंक आहे. शेजारच्या बांधावरचा पंप आपल्या ताब्यात नसतो.

राहिला रानाचा प्रश्न. पावसाळा संपताना सड्यांवर, उतारांवर तेरडा फुलतो, इतर रानफुले येतात. सात-आठ वर्षांनी कारवी फुलते आणि त्या वर्षी मधपाळाच्या घरी खरी दिवाळी असते. ही माशीची गायराने आहेत. दुर्गमानवाडीसारख्या ठिकाणी बॉक्साइटसाठी सडे खणले गेले. तेथील मातीचा तो पातळ थर पुन्हा घालता येत नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याने गौण वनोपजात मध आणि मेण यांचा नावाने समावेश केला आहे. त्यावर सामूहिक दावे करताना आपण बांबू, हिरडा, जळण लिहितो. मध लिहिण्याचे राहून जाते. ते लिहिले पाहिजे, कारण मधावर हक्क आला की फुलणारे झाड राखण्याचाही हक्क मागता येतो. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा आपल्या चळवळीने त्यासाठी झुंज दिली होती. त्या परंपरेतून पडीक गावठाणावर, रस्त्याकडेला जांभूळ, करंज, हिरडा लावण्याची कामे मागणे आपल्याला अवघड नाही.

आणि बाजार? डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील तेरा ब्रँडचा मध तपासला. सर्व कसोट्यांना उतरले ते फक्त तीन. चाचण्यांना हुलकावणी देण्यासाठीच तयार केलेले साखरेचे पाक मधात मिसळले जात होते, असा तिचा निष्कर्ष होता. म्हणजे पावसाळ्यात माशीला पाजण्यासाठी पाटगावच्या मधपाळाला साखर मिळत नाही, आणि त्याच्या मधाचा भाव पाडण्यासाठी मात्र टँकरभर पाक उपलब्ध असतो. जिल्ह्यात इतके सहकारी साखर कारखाने आहेत. ज्या उसाने माशीचे रान खाल्ले, त्या उसाच्या कारखान्यांनी डोंगरी मधपाळांना जूनपूर्वी उत्पादनखर्चात साखर द्यावी, अशी मागणी सर्वसाधारण सभांतून करण्यास कोणाची परवानगी लागते?

येत्या सभांचे दिवस जवळ आले आहेत. भुदरगड, राधानगरी आणि आजऱ्याच्या कार्यकर्त्यांनी तोपर्यंत एक काम करावे. आपापल्या गावातील पेट्या मोजाव्यात. मेअखेर भरलेल्या किती, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माश्या असलेल्या किती, आणि मेमध्ये खालचा खण कोणी व कशासाठी रिकामा केला, हे घरोघर विचारून वहीत लिहावे. पाच गावांच्या वह्या माझ्याकडे आल्या की उचलीच्या मागणीचा मसुदा आपण एकत्र बसून तयार करू.